‘एक वाचक’ यांना: ढोंग म्हणण्याआधी

नमस्कार. ‘वान?’ या माझ्या मागच्या लेखावर ‘एक वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी परवा रात्रपाळी संपवून घरी आल्यावर वाचली, आणि खरं सांगते, नंतर झोप लागली नाही. खालीच दोन ओळी लिहायला बसले होते. ते वाढत गेलं, म्हणून इथे वेगळं लिहिते आहे.

लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: जानेवारी 2023 मध्ये बाबा गेल्याचा बेळगावहून फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द ‘कधी?’ न येता ‘वान?’ असा आला. जर्मनमध्ये अर्थ तोच. पण आईला तो कळला नाही. तिला वाटलं फोन कापला जातोय, म्हणून तिला ते वाक्य पुन्हा उच्चारावं लागलं. माझ्यामुळे दुसऱ्यांदा. लेख एवढ्यावरच होता.

आपल्या प्रतिक्रियेत चार गोष्टी आहेत. मुलीला नपुंसकलिंगी मानणारी भाषा जर्मनखेरीज दुसरी पाहिली नाही, हे माझं विधान चूक. लेख लांबला. नाडी मराठीत मोजते यात सांगण्यासारखं काय. आणि चौथं वाक्य जसंच्या तसं देते: ‘लेकीशी जर्मन बोलायचं आणि इथे मराठीसाठी गळा काढायचा, हे ढोंग आहे, लेख कमी लिहा आणि आजपासून तिच्याशी मराठी बोला.’

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. जर्मनमध्ये ‘मेडशेन’, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी, कारण ‘शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगीच होतो. आपण लिहिलंत की कोकणीत ‘तें चेडूं’ आहेच की. आहे. मालवणीतही आहे. माझी आजी वेंगुर्ल्याची, तिने मला जन्मभर चेडू म्हणूनच हाक मारली, आणि लिहिताना मला ते आठवलं नाही याचं मला वाईट वाटलं. चूक दाखवल्याबद्दल आभार. हे मनापासून लिहिते आहे.

लेख लांबला असेल. नाडीबद्दल एवढंच, की मी 16 वर्षं जर्मनीत डॉक्टर आहे, मनगटावर बोटं ठेवली की आकडे मराठीतच येतात, आणि ‘एकवीस’ आणि जर्मनांचं ‘एक आणि वीस’ यांचा क्रम एकच असल्याने मला कधी अडखळावं लागलं नाही. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला! मला तो वाद क्षुल्लक वाटला नव्हता. आपल्याला वाटत असेल तर वाटो.

आता चौथं वाक्य.

मतभेद असायला हरकत नाही. पण गळा काढणं हा शब्द आपण कुठे वापरलात ते एकदा बघा. माणूस गेल्यावर गळा काढतात. माझा माणूस गेला होता. वडिलांच्या मृत्यूवरच्या लेखाखाली, स्वतःचं नावही न देता, हे लिहिताना आपला हात थांबला नाही. हेच आपण ‘मुलीशी मराठी का बोलत नाही?’ असं विचारलं असतंत तर मी उत्तर दिलं असतं, आणि ते चांगल्या शब्दांत दिलं असतं. घरी आलेल्या पाहुण्याने चहा घेता घेता यजमानाला खोटारडा म्हणावं, तसं हे झालं. आपल्या घरात हे चालत असेल, आमच्याकडे चालत नाही.

आणि ढोंग? मराठीचं ढोंग मी करते, हे कुणाला सांगताय?

मी बेळगावची. 1956 साली आमचं गाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, आणि दर 1 नोव्हेंबरला गावात एकीकडे कन्नड राज्योत्सवाच्या लाल-पिवळ्या झेंड्यांची मिरवणूक, तर दुसरीकडे मराठी माणसांचा काळा दिवस, हे मी बघत वाढले. 1986 साली कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन झालं, गोळीबार झाला. तेव्हा मी सहा वर्षांची होते. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं की बाबांनी छापखान्याचं शटर आतून ओढून घेतलं आणि आम्ही कागदाच्या रिमांवर बसून राहिलो.

बाबांचा छापखाना छोटा होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, देवळाच्या उत्सवाची पत्रकं. डाव्या भिंतीला मराठी खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, केशी (खणांच्या पेट्या), उजव्या भिंतीला कन्नडच्या. आमचे जुळारी, खिळे जुळवणारे कामगार, दोन्हीकडे सारख्याच वेगाने हात चालवायचे. मी कन्नड अक्षरं शिकले ती शाळेच्या आधी, आणि शिकले ती उलटी, कारण खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं असतं. पुढे शाळेत फळ्यावर ‘ಕ’ सुलटा बघितल्यावर मी बाईंना म्हणाले होते की हा चुकलाय. बाबा काळ्या दिवसाच्या फेरीत दंडाला काळी फीत बांधून चालायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता कन्नड लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचायला बसायचे, एकेका अक्षरावर बोट ठेवून, कुणाच्या घरचं शुभकार्य आहे, चूक जाता कामा नये म्हणून. ज्या भाषेच्या सरकारशी भांडण, तिच्याच पत्रिकेतला ऱ्हस्व-दीर्घ त्यांना झोपू देत नसे. मराठीवरचं प्रेम मी त्या माणसाकडून शिकले. ते दुसऱ्याला ढोंगी ठरवून सिद्ध करावं लागत नाही.

आपण कुठे राहता मला माहीत नाही. पण ज्यांना दुकानाची पाटी कोणत्या लिपीत लावायची यासाठी पोलीस ठाण्यात जावं लागलेलं नाही, त्यांनी आम्हाला मराठीच्या परीक्षेला बसवू नये.

मराठी माझ्यासाठी फक्त आठवणीतली गोष्ट आहे, हा आपल्या वाक्याचा रोख आहे. तसं असतं तर बरंच सोपं झालं असतं. मी स्टुटगार्टच्या दक्षिणेला एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात काम करते. इथे काम करण्याआधी परदेशी डॉक्टरांना जर्मनची परीक्षा द्यावी लागते. मी ती चांगली पास झाले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की वॉर्डातल्या आज्या ती भाषा बोलतच नाहीत. त्या श्वेबिश, म्हणजे या भागातली जर्मन बोली, बोलतात. एकीने थंडी वाजते म्हणून ‘टेपिश’ मागितला. पुस्तकात त्याचा अर्थ गालिचा. तिला पांघरूण हवं होतं.

एका रात्री ऐंशीच्या पुढच्या एक बाई आल्या. बाथरूममध्ये घसरल्या होत्या, पण शेजारणीच्या आधाराने चार पावलं चालल्याही होत्या. ‘फुअस’ दुखतो, म्हणत होत्या. प्रमाण जर्मनमध्ये ‘फूस’ म्हणजे घोट्याखालचं पाऊल. माझा सहकारी उत्तर जर्मनीचा. त्याने पाऊल तपासलं, घोटा तपासला, फोटो काढला, काही नाही, सकाळी घरी पाठवू म्हणाला. मी जाता जाता त्यांच्या कॉटपाशी थांबले. त्या पुन्हा ‘फुअस’ म्हणाल्या, आणि माझ्या डोक्यात शब्द उमटला तो ‘पाय’. पाय दुखतोय म्हणणाऱ्या माणसाला आपण कुठे दुखतंय हे विचारतोच ना, कारण मराठीत पाय बोटांपासून थेट कमरेपर्यंत कुठेही असतो. श्वेबिशमध्येही तसंच आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी चादर बाजूला केली, हात गुडघ्यावरून वर नेला आणि जांघेत हलकेच दाबलं. बाईंनी माझं मनगट धरलं. मांडीच्या हाडाची मान मोडली होती आणि दोन्ही तुकडे एकमेकांत रुतून बसले होते, म्हणून पाय आखूडही दिसत नव्हता आणि बाहेरही वळला नव्हता. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली.

तो सहकारी माझ्यापेक्षा हुशार डॉक्टर आहे. त्याच्याकडे फक्त ‘पाय’ हा शब्द नव्हता. माझी मराठी अशी रोज कामाला येते, कुणी टाळ्या वाजवत नसतानाही.

आता लेकीबद्दल. हे मी लिहिणार नव्हते. आपल्या एका वाक्याने लिहावं लागतंय.

माझे यजमान धारवाडचे, त्यांची भाषा कन्नड. आमचं ठरलं होतं की मी मुलीशी मराठी बोलायचं, त्यांनी कन्नड, आणि जर्मन ती बालवाडीत शिकेल. तीन वर्षांची झाली तरी ती चार-पाच शब्दांच्या पुढे जाईना. बोट दाखवायची आणि रडायची. आम्ही तिला एका तज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी तिला ठोकळे दिले, चित्रं दाखवली, आणि आम्हाला सांगितलं की एवढ्या भाषांचा मुलीवर भार पडतोय, घरी दोघांनीही जर्मनच बोला, बाकीचं नंतर बघता येईल. मी डॉक्टर आहे. अनेक भाषांमुळे मूल उशिरा बोलायला लागत नाही, आणि घरची भाषा बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही, हे मी तेव्हा वाचून काढू शकले असते. नाही वाचलं. मी तिथे डॉक्टर म्हणून गेलेच नव्हते, घाबरलेली आई म्हणून गेले होते. त्या संध्याकाळी घरी येताना गाडीत मी तिच्याशी पहिल्यांदा ठरवून जर्मन बोलले. मागच्या सीटवर ती गप्प होती. मी रस्त्यावरची झाडं, ट्रक, चर्च, सगळ्यांची नावं जर्मनमध्ये सांगत राहिले आणि यजमान काही न बोलता गाडी चालवत राहिले.

ती आज नऊ वर्षांची आहे, भरपूर बोलते, वर्गात मोठ्याने वाचते. मराठी तिला कळते. आई फोनवर ‘जेवलीस का गं?’ म्हणाली की ती जर्मनमध्ये हो म्हणते आणि मी मधे बसून ते हो पोहोचवते. एक शब्द मात्र तिने कधीच सोडला नाही: ‘नको’. घरात ‘नाइन’, म्हणजे जर्मनमधलं ‘नाही’, म्हटलं की वाद सुरू होतो, ‘नको’ म्हटलं की संपतो, हे तिला कुठून कळलं मला माहीत नाही.

तर हे आपलं ढोंग. तीन वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या बाईला आपण विचारायला आला नव्हतात. आज येऊन निकाल देताय.

‘आजपासून मराठी बोला’ असंही आपण लिहिलंय. जणू मला ते सुचलंच नव्हतं! नऊ वर्षांच्या मुलीशी आईने एके सकाळी भाषा बदलली की तिच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी बघितलं आहे, एकदा नव्हे, तीनदा. पुढे काय करायचं ते माझं मी आणि ती बघू. त्याचा हिशेब मी इथे देणार नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. बाकीच्या वाचकांना विनंती, त्यांच्यावर तुटून पडू नका, काल दोघांनी जे लिहिलं ते मी काढून टाकलं आहे. चेडूची दुरुस्ती मूळ लेखात आजच केली. आईलाही फोनवर सांगितली. ती म्हणाली, आजी असती तर तुझा कान पिळला असता. ‘गळा काढायचा’ हे शब्द मात्र आपण आपल्या हाताने बदललेत तर बरं होईल, कारण आई हे सगळं वाचते.