तिघांनाही हो

मला नाही म्हणता येत नाही. या स्वभावापायी भारतात असताना मी दोन विमा पॉलिसी आणि एक न लागणारा वॉटर प्युरिफायर घेऊन बसलो होतो. २०१९ मध्ये लंडनला आलो तेव्हा वाटलं, इथे कुणी कुणाचं दार वाजवत नाही, सुटलो. पाच वर्षं सुटलेलाच होतो. मग २२ मे २०२४ ला तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक डाऊनिंग स्ट्रीटवरच्या आपल्या दहा नंबरच्या घराच्या दाराबाहेर भर पावसात येऊन उभे राहिले आणि ४ जुलैला निवडणूक आहे असं सांगून मोकळे झाले.

आई तेव्हा नाशिकहून आमच्याकडे आली होती. टीव्हीवर त्यांचा कोट भिजत चाललेला बघून ती कळवळली. "अरे, एवढ्या मोठ्या घरात एक छत्री नाही? बायको काय करतेय?"

सुनक आमच्याकडे घरचे धरले जातात. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन दिवाळीत त्यांची निवड झाली, तेव्हा 'आपला माणूस' म्हणून मलाच अभिनंदनाचे फोन आले होते. जन्म साऊदॅम्प्टनचा, मूळ पंजाबी, सासुरवाडी बंगळुरूची. यात नाशिककरांचं काय, हे मी विचारलं नाही. त्यांच्या आधीच्या लिझ ट्रसबाई गणपतीत बसल्या आणि दिवाळीत उठल्या. एकूण ४९ दिवस. एका वर्तमानपत्राने त्यांच्यासमोर लेट्यूसचा गड्डा लावला होता, आधी कोण सुकतं बघायला. गड्डा जिंकला. मी आल्यापासून २०२४ पर्यंत माझा घरमालक तोच, वरिष्ठ तोच, पंतप्रधान मात्र चार झाले. माझं प्रांजळ मत विचाराल तर त्या घरात कामाची समज फक्त लॅरी बोक्याला आहे. २०११ पासून तो उंदीर पकडायच्या नोकरीवर आहे आणि त्याने अजून एकदाही भाषण केलेलं नाही.

पासपोर्ट भारतीय असला तरी मला इथे मत आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे रीतसर राहत असेल तर त्याला मतदान करता येतं. दीडशे वर्षांच्या राज्याची एवढीच भरपाई माझ्या हाती लागलीय, ती मी सोडत नाही. पण यादीत नाव आलं की दार वाजतं.

पहिले आले लाल फीतवाले, म्हणजे मजूर पक्षाचे. एक निवृत्त मास्तरांसारखे गृहस्थ आणि एक लाजरा विद्यार्थी. इथली रीत अशी की उंबऱ्यावर दोन मिनिटं बोलायचं, हातातल्या यादीवर खूण करायची आणि पुढचं दार गाठायचं. आईला ही रीत ठाऊक नव्हती. तिने त्यांना आत घेतलं, बूट काढायला लावले आणि पोहे दिले. पोहे खाल्लेल्या माणसाने "मग तुमचं मत आमचं धरू ना?" असं विचारल्यावर नाही कसं म्हणणार? हो म्हणालो.

शनिवारी निळे, म्हणजे सुनकांच्या हुजूर पक्षाचे आले. त्यांनाही पोहे, त्यांनाही हो. मंगळवारी नारिंगी, म्हणजे लिबरल डेमोक्रॅट आले, त्यांच्या पत्रकावर 'इथे फक्त आम्हीच जिंकू शकतो' असं सांगणारा उभ्या पट्ट्यांचा आलेख होता. त्यातली त्यांची पट्टी गणिताच्या कुठल्या नियमाने एवढी उंच झाली, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तरी हो.

एका संध्याकाळी कामावरून परत येतो तर आमच्या दिवाणखान्याच्या खिडकीत लाल पोस्टर, वरच्या खिडकीत निळं आणि पुढच्या बागेत खुंटाला ठोकलेली नारिंगी पाटी. "भगवी होती, म्हणून घेतली," आई म्हणाली. शेजारचे इंग्रज आजोबा कुंपणापाशी बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "तुमचं घर फारच मोकळ्या मनाचं आहे हो."

मतदान गुरुवारी. इथे १९३५ पासून सार्वत्रिक निवडणूक गुरुवारीच होते. आई खूश, दत्ताचा वार. सकाळपासून तिन्ही रंगांचे लोक "मत दिलंत का?" म्हणून आठवण करून गेले, कारण तिघांच्याही यादीत मी पक्का. चर्चच्या हॉलबाहेर तेच तिघे शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसलेले, प्रत्येकजण मला आपल्या घरच्यासारखं हसून मतदार क्रमांक विचारत होता. मी जमिनीकडे बघत आत सटकलो.

आईला मत नसल्याने ती दाराशी थांबली, जिथे लोक आपले कुत्रे बांधून जातात. बाहेर आलो तर म्हणाली, "बोट दाखव." शाई नव्हतीच. शिवाय दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारून आलो, हे ऐकल्यावर तिचा या लोकशाहीवरचा विश्वासच उडाला. "पेन्सिलीने? आणि खोडरबर कुणाकडे असतो?"

रात्री निकाल लागायला लागले. मजूर पक्षाला शंभरातली जेमतेम चौतीस मतं आणि ६५० पैकी चारशेवर जागा. आईने दोनदा हिशेब मांडून बघितला आणि पोह्यांचे पैसे वसूल झाले का, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी सुनक त्याच दाराबाहेर निरोपाचं बोलायला आले. मागे पत्नी उभी होती, हातात छत्री घेऊन.

"आता आणलीस होय गं," आई टीव्हीला म्हणाली.