फुगलेल्या बॅटरीला सुई लावायची नसते

परवा रात्री साडेनऊला मावशीचा फोन आला. "अगं, तो लॅपटॉपच्या बॅटरीचा मेसेज आलाय ना तुला? त्यात सांगितलंय तसंच करतेय. फक्त सुई कुठल्या बाजूने टोचायची ते कळेना."

मी तिला व्हिडिओ कॉल करायला लावला. टेबलावर लॅपटॉप पालथा, तळाचे स्क्रू एका वाटीत नीट काढून ठेवलेले, आत काळ्या वेष्टनातली बॅटरी मधोमध उशीसारखी वर आलेली. शेजारी शिवणाच्या डब्यातली जाड सुई. मावशीच्या हाताला कसब आहे, शिलाई मशीन ती स्वतः उघडून दुरुस्त करते. त्यामुळे हेही तिला जमेल असंच तिला वाटत होतं. "मावशी, सुई आधी डब्यात ठेव. बॅटरीला बोटसुद्धा लावू नकोस," एवढंच मला त्या क्षणी सुचलं.

तो मेसेज तुमच्याही कुठल्यातरी ग्रुपवर आला असेल. 'कंपन्या तुमच्यापासून लपवतात ते नियम' असं त्याचं डोकं. आत काय आहे? नवा लॅपटॉप पहिल्यांदा १२ तास चार्ज करा. आठवड्यातून एकदा बॅटरी शून्यावर आणा, नाहीतर ती आपली क्षमता 'विसरते'. कमजोर झाली तर पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. शंभर टक्के झाल्याबरोबर प्लग काढा, नाहीतर ती फुटते. आणि फुगलीच तर सुईने टोचून 'आतली हवा' काढा, वरून चिकटपट्टी लावा.

सुईचं आधी घेते, कारण बाकीच्या सल्ल्यांनी बहुतेक वेळा बॅटरीच तेवढी खराब होईल. यात हात भाजेल, घर पेटेल.

पहिली गोष्ट, आत हवा नसतेच. बॅटरीच्या पाकिटात इलेक्ट्रोलाइट असतं, म्हणजे सेंद्रिय द्रावकांत विरघळवलेला लिथियमचा क्षार. हे द्रावक पेट घेणारे असतात. उष्णतेने, बॅटरी वर्षानुवर्षं पूर्ण भरलेली राहिल्याने किंवा बनवतानाच्या दोषाने ते विघटित होऊ लागतात आणि त्यातून वायू तयार होतो. पाकीट सीलबंद असल्यामुळे तो आतच साठतो आणि बॅटरी फुगते. बिघाड आतल्या रसायनात आहे. वायू बाहेर काढून तो दुरुस्त होत नाही. उलट भोक पडलं की हवेतला ओलावा आत शिरतो. या बॅटऱ्यांमध्ये सर्रास वापरला जाणारा लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार पाण्याच्या संपर्कात आला की त्यातून हायड्रोजन फ्लुओराइड बनतो. तो विषारी आहे, कातडी आणि फुप्फुसं जाळणारा आहे. चिकटपट्टी त्याला काय अडवणार!

आणि हे सुई फक्त वेष्टनातून गेली तर. वेष्टनाखाली लगेच थर सुरू होतात. तांब्याचा पातळ पत्रा, त्यावर ग्राफाइट. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यावर लिथियमयुक्त ऑक्साइड. दोघांच्या मध्ये प्लास्टिकचा एक सच्छिद्र पापुद्रा, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. सगळी सुरक्षितता त्या पापुद्र्यावर उभी आहे. सुई त्याच्या आरपार गेली की दोन्ही बाजू एकमेकींना टेकतात, आत शॉर्ट होतो, त्या जागी प्रचंड उष्णता तयार होते, तिने शेजारचं रसायन तापतं, ते आणखी उष्णता सोडतं. हे चक्र सुरू झालं की बाहेरून बटण बंद करून थांबत नाही. सेल, म्हणजे बॅटरीतला वीज साठवणारा एकेक घटक, किती सुरक्षित आहे हे पाहण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये मुद्दाम खिळा घुसवण्याची चाचणी करतात, तीही बंदिस्त संरक्षक कक्षात. मेसेज लिहिणाऱ्याने तीच चाचणी घरातल्या टेबलावर करायला सांगितली आहे.

२००६ साली डेलने लॅपटॉपच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. आतले सेल सोनीचे होते. बनवताना आत राहिलेले धातूचे सूक्ष्म कण सेलच्या इतर भागांना टेकून शॉर्ट होऊ शकतो, असं कारण सोनीने दिलं होतं. दिसणारही नाहीत अशा कणांसाठी ४१ लाख बॅटऱ्या माघारी गेल्या, आणि इथे आपण अख्खी सुई घालायची?

बॅटरी फुगली हे कसं ओळखायचं, तर टचपॅड वर येतो किंवा दाबला जात नाही, झाकण नीट मिटत नाही, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो. असं दिसलं की चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पुन्हा चार्जिंगला लावू नका. झाकण जोर लावून मिटू नका, कारण तो दाब थेट फुगलेल्या पाकिटावर येतो. स्क्रूड्रायव्हरने बॅटरी उचकटू नका. कागद, पडदे, गादी यांपासून लांब, फरशीवर ठेवा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. नेण्याआधी फोनवर 'बॅटरी फुगली आहे' असं स्पष्ट सांगा. साध्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली गेली की पुन्हा तोच धोका.

आता बाकीचं. शून्यावर आणण्याचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. त्यांना 'मेमरी इफेक्ट' होता, म्हणजे अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरल्या की त्या उरलेली क्षमता 'विसरत'. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, पुढे लॅपटॉपमध्येही तीच आली. तिला ही खोड नाही. उलट पूर्ण रिकामं करण्याने ती जास्त झिजते, आणि रिकामी करून महिनोन्‌महिने कपाटात ठेवली तर व्होल्टेज इतकं खाली जाऊ शकतं की तांब्याचा पत्राच विरघळू लागतो. यात अर्धं सत्य एवढंच, की टक्केवारी दाखवणारा हिशोब कधीकधी चुकतो. ३० टक्के दाखवत असताना लॅपटॉप अचानक बंद पडतो. तेव्हा एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरली तर आकडा जाग्यावर येतो. आकडा. बॅटरी नाही. त्यासाठी दर आठवड्याला हे करायची काहीच गरज नाही.

पहिल्यांदा १२ तास चार्जिंग? सेल साधारण ४.२ व्होल्टला पोचला आणि आत जाणारा करंट पुरेसा कमी झाला की चार्जिंगचं सर्किट स्वतःच थांबतं. पुढच्या तासांत आत काही जात नाही. विषय संपला.

फ्रीझरबद्दल, थंडीत साठवलेली बॅटरी हळू म्हातारी होते हे खरं. पण गेलेली क्षमता थंडीने परत येत नाही. बाहेर काढल्यावर पाणी सुटतं ते सर्किटवर जातं, आणि गोठलेल्या अवस्थेतच कोणी चार्जिंगला लावली तर ग्राफाइटवर लिथियमचा धातू साचतो. तो परत निघत नाही आणि पुढे आत शॉर्ट करू शकतो.

राहिला प्लग. इथे मला थोडं मागे यावं लागतंय, मनाविरुद्ध. प्लग राहिला म्हणून चांगली बॅटरी फुटत नाही. पण सतत शंभर टक्क्यांवर ठेवल्याने ती लवकर म्हातारी होते, ही गोष्ट खरी आहे. कॅडेक्स कंपनीच्या बॅटरी युनिव्हर्सिटी या माहितीस्थळावर एक तक्ता आहे, मी वर्षानुवर्षं तोच लोकांना दाखवते. वर्षभर २५ अंश तापमानात नुसती ठेवलेली लिथियम-आयन बॅटरी: ४० टक्के भरलेली असेल तर क्षमता ९६ टक्के उरते, पूर्ण भरलेली असेल तर ८०. तापमान ४० अंश असेल तर ८५ आणि ६५. म्हणजे बॅटरी खाणाऱ्या गोष्टी दोन, उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था. दोन्ही एकत्र आल्या की सगळ्यात वाईट. लॅपटॉप गादीवर, हवेची जाळी बंद, चार्जर लावलेला आणि बॅटरी १०० टक्के, हे मावशीकडे चार वर्षं रोज चाललं होतं.

पण त्यावर उपाय दर दोन तासांनी उठून प्लग ओढणं नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते. लेनोव्होत तिला कन्झर्व्हेशन मोड म्हणतात, आसुसमध्ये मर्यादा निवडता येते, डेलमध्येही सोय आहे. ती एकदा चालू करायची आणि प्लग लावून निवांत काम करायचं. प्रवासाच्या आदल्या रात्री तेवढी पूर्ण भरायची. सतत प्लग काढ-घाल करून बॅटरीवर काम केलं तर उलट सायकल वाढतात. एक सायकल म्हणजे एकदा चार्जिंगला लावणं नव्हे. आज ६० टक्के वापरली, उद्या ४०, तेव्हा एक सायकल होते.

मावशीची बॅटरी दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने काढून घेतली. नवी बसवल्यावर मी मर्यादा लावून दिली. संध्याकाळी तिचा पुन्हा फोन. "अगं, ८० वर अडकलंय, पुढे सरकतच नाही. बिघडलं का?"

"नाही मावशी. तिथेच थांबायला हवं."