पाठीला डबा

परवाच्या रविवारी एकच सिनेमा दोन घरांत लागला. सोलापुरात दादाकडे आणि इकडे हॉलंडमधल्या आम्स्टेलवेनला आमच्याकडे. शाळकरी पोरं बोटीतून सहलीला जातात, इंजिन बंद पडतं, बेटावर अडकतात. माकडं त्यांचा खाऊ पळवतात, झोपडी तीनदा कोसळते, शेवटी सगळी सुखरूप घरी. आम्ही पोट धरून हसलो.

सिनेमा संपतो न संपतो तोच घरच्या ग्रुपवर वहिनी: "ताई, असलं काही दाखवायचं नाही पोरांना. आमचा आता उजनीला बोटीत बसायचं म्हणतोय."

दादाचं लगेच, "पाणी बघू तरी दे त्याला. नळाला पाचव्या दिवशी येतंय."

वहिनीची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनी धरणात वादळाने उलटली, सहा जण गेले. एक जण पोहत काठाला लागला. वहिनी त्यातले सहा मोजते. मला तो एक आठवत राहतो.

हॉलंडचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली. इथे पोहणं शिकायची कायद्याने सक्ती नाही, तरी पोर पाच-सहा वर्षांचं झालं की आईबाप क्लासच्या यादीत नाव घालतात. लेकीची पहिली परीक्षा मी काचेआडून पाहिली. अंगात कपडे, पायात बूट, तशीच पाण्यात उडी. पाण्याखाली एक कापड ताणलेलं, त्याच्या भोकातून पलीकडे निघायचं. बुडणारा माणूस पोहण्याचा पोशाख घालून बुडत नाही, हे त्यांनी गृहीतच धरलंय. फी ऐकून मात्र माझा जीव तिथेच बुडाला होता!

पण हे सगळं इकडचंच शहाणपण म्हणून सांगायला जीभ रेटत नाही. मोहोळजवळच्या मळ्यात अप्पांनी दादाच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधला आणि दिलं विहिरीत ढकलून. चार दिवसांत डबा सुटला. मला काठावर कपडे सांभाळायला बसवलं होतं. म्हणून मला आजही पोहता येत नाही, आणि लेक त्यावरून टोमणे मारते.

सिनेमातल्यासारखं खरंही घडलंय. १९६५ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवरची सहा शाळकरी पोरं न विचारता एक बोट घेऊन निघाली, वादळात सापडली आणि अता नावाच्या ओसाड बेटावर पंधरा महिने राहिली. विस्तव विझू दिला नाही, एकाचा मोडलेला पाय नीट बसवला. सगळी जिवंत परतली. समुद्राकाठी वाढलेली पोरं होती ती. वहिनीचा लेक वाढलाय बॅरलमधलं पाणी पुरवून वापरणाऱ्या घरात. त्याला बोटीत बसवू नका हे मलाही पटतं, पण आधी पोहायला घाला. आणि त्याच्या धाकट्या बहिणीलाही.

एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं. दादाने अंगठा दाखवला, वहिनी गप्प. रात्री उशिरा अप्पांचा मेसेज आला: "तिकडं पोरांच्या पाठीला काय बांधतात?"