ताई, चूक सिस्टिमची नव्हती

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. घटस्थापनेला, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ ला, वडिलांसाठी कापशी या कोल्हापुरी चपलांचा जोड ₹१,०५० ला मागवलात आणि खोक्यातून निघाला लहान मुलाचा. दुसऱ्या दिवशी त्याच जोडाची किंमत ₹१,५७५ दिसली. चपलेच्या माहितीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती. फोन केलात तर आमच्याकडून ‘सिस्टिमची चूक’ एवढंच ऐकायला मिळालं. दसऱ्याला वडिलांच्या पंचाहत्तरीत ऐन वेळी बाजारातून दुसरी चप्पल आणावी लागली. जीएसटी कमी झाल्याचा फायदा आम्हीच खाल्ला, असंही तुम्ही लिहिलंय.

फोनवर तुम्हाला जे सांगितलं ते चुकीचं होतं. सिस्टिमनं तिला दिलेली फाईल चढवली, एवढंच. ती फाईल मी केली होती.

त्या दिवशी पादत्राणांचा कर बदलला. आधी हजारापर्यंतच्या जोडाला १२ टक्के आणि त्यावर १८ टक्के होता, तो अडीच हजारांपर्यंत सरसकट ५ टक्के झाला. आमच्या साइटवर किमती कर धरून लिहिलेल्या आहेत. कर वेगळा ठेवला असता, तर एका ठिकाणी दर बदलून काम भागलं असतं. तसं नसल्यामुळं प्रत्येक जोडाची, प्रत्येक मापाची किंमत नव्यानं काढावी लागली. म्हणून सगळा माल एका शीटमध्ये उतरवून घेतला आणि एकगठ्ठा बदलायला बसलो. सणाच्या पहिल्या दिवशी नवा भाव दिसायलाच हवा, ही घाई होती.

१२ टक्क्यांचे जोड कोणते, १८ चे कोणते, हे वेगळं काढायला मी किमतीचा कॉलम चढत्या क्रमानं लावला. शीटनं विचारलं होतं, एवढाच कॉलम हलवू की बाजूचेही? मी न वाचता ‘एवढाच कॉलम’वर बोट ठेवलं. किमती हलल्या, चपला जागेवर राहिल्या. तुमच्या कापशीसमोर दुसऱ्याच जोडाची किंमत येऊन बसली. कापशीची खरी जुनी किंमत ₹१,७७० होती. त्यातला १८ टक्के कर काढला की दीड हजार उरतात आणि त्यावर ५ टक्के धरले की ₹१,५७५ होतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी तुम्ही पाहिलात तो वाढवलेला नव्हे, कर कमी होऊन आलेला खरा भाव होता. कराचा एक रुपयाही आम्ही ठेवलेला नाही. पण तुम्हाला ५२५ रुपयांची उडी दिसली आणि त्याचं कारण कुणी सांगितलं नाही, मग संशय येणारच.

आता लहान मुलाच्या जोडाविषयी. आमच्याकडं मोठ्यांच्या मालाच्या कोडपुढं शून्य असतं. तुमचा जोड ०४१२, आणि ४१२ ही मुलांची चप्पल. शीट उघडताना कोडचा कॉलम ‘टेक्स्ट’, म्हणजे मजकूर, म्हणून घेतला नाही, तर आकड्यापुढचं शून्य गळतं. तसं ते गळलं आणि तेच कोड साइटवर चढले. तुमच्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर ४१२ छापून आलं, आणि पॅकिंगवाल्या मुलानं मांडणीवरून ४१२ चंच खोकं काढलं. त्याचा काही दोष नाही.

प्रश्नचिन्हं आली, कारण फाईल जतन करताना यूटीएफ-८, म्हणजे देवनागरी अक्षरं जपणारा पर्याय, निवडायचं राहिलं आणि सगळी देवनागरी पुसली गेली. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलंय, कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून हे नाव पडलंय, जोड भिजू द्यायचा नाही, माप कसं घ्यायचं, हे सगळं आम्ही कारागिरांना विचारून एकेक करून लिहिलेलं. किंमत बदलायची होती, तर माहितीचा कॉलम फाईलमध्ये ठेवायचं कारणच नव्हतं.

एका मुद्द्यावर मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. ‘एवढी स्वस्त म्हणजे मशीनचा माल’ असं तुम्ही लिहिलंय. ₹१,०५० ही आमची चूक होती, ती त्या हातशिलाईची किंमत नव्हे. तो जोड चामड्याच्या वादीनं शिवलेला आहे आणि कारागिराची मजुरी या सगळ्यात एका पैशानंही कमी झालेली नाही.

आता आधी मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवतो आणि तिला हात लावत नाही. बदलाच्या फाईलमध्ये फक्त कोड आणि किंमत असते. क्रम लावणं बंद केलंय. कराप्रमाणे जोड वेगळे काढायचे तर फिल्टर लावतो, आणि नवी किंमत कोड जुळवूनच उचलतो. आधी पाच जोड चढवून मोबाईलवर डोळ्यांनी पाहतो, मग उरलेले, तेही रात्री ऑर्डरी थांबल्यावर. सगळ्या कोडांपुढं आता अक्षर लावलंय, त्यामुळं शून्य गळणार नाही. त्या दिवशी ज्यांच्याकडून जास्त पैसे घेतले गेले, त्यांना फरक परत केलाय. ज्यांना कमी लागले, त्यांच्याकडून काही मागितलेलं नाही.

तुमचे ₹१,०५० परत केले आणि विषय मिटला असं धरलं, तेही चुकलं. पंचाहत्तरीचा दिवस मला परत देता येणार नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. ०४१२ चा जोड तुमच्या नावानं बाजूला काढून ठेवलाय, ठरलेल्या ₹१,०५० लाच. वडिलांना कोऱ्या कागदावर उभं करून पावलाची रेघ ओढा आणि फोटो ऑर्डरच्या मेसेजवर पाठवा. या वयात पाऊल जरा पसरतं, नुसत्या नंबरावर जाऊ नये. मुलांचा जोड परत पाठवायची गरज नाही, घरातल्या कुणाला बसत असेल तर राहू द्या.

— दुकानमालक, कोल्हापूर