अजिंठ्याच्या काही लेणी आता गर्दीसाठी बंद करा

हे वाचून अनेकांना राग येईल माहितीये, पण गेल्या महिन्यात आईला घेऊन अजिंठ्याला जाऊन आले तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे त्यामुळे लिहितेच.

एक नंबरच्या लेणीत आत शिरलो तेव्हा आधीच पन्नासेक माणसं होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत घामाचा, श्वासाचा दमट वास. पद्मपाणीच्या, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर नीट उभं राहायला दोन मिनिटंसुद्धा मिळाली नाहीत, मागून लोक पुढे सरका पुढे सरका करत होते. आईने आधारासाठी खांबाकडे हात नेला तर गार्ड लगेच म्हणाला, मावशी, हात नका लावू. तिला वाईट वाटलं पण त्याचं बरोबरच होतं.

कारण ही चित्रं दगडावर नाहीयेत. दगडावर मातीचा गिलावा आहे, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेत, वरून चुन्याचा पातळ हात आणि मग तो वाळल्यावर रंग. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीचं घराच्या भिंतीसारखंच सारवण, आणि त्यावर थेट अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द या दगडाचा निळा! ओल धरली की गिलावा फुगतो, सुटतो, किडेसुद्धा तो खातात. आपण प्रत्येकजण आत जाऊन तीच ओल सोडून येतो, चित्रावर कितीही प्रेम असलं तरी.

आणि प्रेमानेच जास्त वाट लागली असं माझं मत आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याला लेणी दिसली तर त्याने दहा नंबरमध्ये खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली, नंतरच्या लोकांनी तेच केलं. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले, १८७२ पासून कितीतरी वर्षं खपून नकला केल्या, पण रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फिरवलं. त्यातल्या बऱ्याच नकला पुढे १८८५ मध्ये लंडनला आगीत जळल्या. (त्याआधी रॉबर्ट गिल या ब्रिटिश अधिकाऱ्याने केलेल्या नकला पण जळल्या होत्या, १८६६ मध्ये. २० वर्षांचं काम.) मग १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून जाणकार आणले, त्यांनी निघालेला गिलावा पक्का केला, ते चांगलंच केलं, पण वर लाखेचा थर दिला आणि तो पुढे पिवळा-तपकिरी पडला. त्या पिवळेपणाखालचा मूळ रंग बाहेर काढायला पुरातत्त्व खात्याच्या लोकांना इंच इंच काम करावं लागलंय.

फ्रान्समधल्या लास्को गुहेचं असंच झालं होतं. १७ हजार वर्षांची बैल-घोड्यांची चित्रं, १९४८ ला लोकांना खुली केली, रोज हजारावर माणसं, आणि श्वासाने भिंतीवर हिरवं शेवाळ चढायला लागलं. १९६३ ला त्यांनी सरळ गुहा बंद केली. २० वर्षांनी शेजारीच हुबेहूब प्रतिकृती उभी केली आणि लोक ती बघायला रांगा लावतात, कोणी फसवलं म्हणत नाही.

आपल्याकडे तर प्रतिकृती तयार आहेत हो! फर्दापूरला लेण्यांकडे जाणारी बस जिथून सुटते तिथेच १, २, १६, १७ अशा चार लेणींच्या प्रतिकृती असलेलं मोठं केंद्र जपानच्या कर्जातून बांधलं आणि ते वीज-पाण्याची बिलं थकली म्हणून बंद पडलं. याचा मला खरंच संताप येतो. खऱ्या १ आणि २ नंबरला रोज मोजकीच माणसं सोडा, आधी नाव नोंदवून, बाकीच्यांना हे केंद्र नीट चालवून दाखवा, चांगला लाइट लावा, माहिती सांगायला मराठी बोलणारी माणसं ठेवा.

आईचे गुडघे आता त्या पायऱ्या परत चढणार नाहीत. पण परतताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, त्याच्या हातातलं कमळ नीट बघायचं राहिलंच गं. प्रतिकृतीसमोर खुर्ची टाकून तिला ते तासभर बघता आलं असतं.