ताश्कंद हे आईला घेऊन बघायचं शहर आहे

आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधली एक मुलगी, नवीनच लागलीये, मोठ्या आनंदाने सांगत होती की दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन ताश्कंदला जाणारे, तिघांचाही पहिलाच परदेश प्रवास. टेबलावरचे दोघं, चांगले चाळिशीतले, एकमेकांकडे बघून हसले. "आईबाबांना घेऊन? ताश्कंदला?" आणि वर डोळा मारला. पोरीचा चेहरा खर्रकन उतरला, डबा अर्धा टाकून उठली ती. मी तिथल्या तिथे सुनावलं दोघांना, पण डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून इथे लिहितेय.

हे हसणं कुठून येतं ते तुम्हालाही माहितीये. स्वस्तातली पॅकेजेस, मित्रांच्या टोळ्या, रात्रीचे क्लब आणि परत आल्यावर ग्रुपवर फिरणारे घाणेरडे जोक. उझबेकिस्तानसारख्या एका देशाच्या राजधानीची आणि तिथल्या बायकांची आपण ही ओळख करून ठेवलीये. शिसारी येते मला. पोरांनी मजा करूच नये असं नाही म्हणत, करा बापडे. पण तुम्ही जे बघायला गेलात तेवढंच ते शहर आहे असं जगाला सांगत फिरू नका.

मी गेल्या वर्षी आईलाच घेऊन गेले होते. हट्ट तिचाच. दुबई नको, युरोप नको, लालबहादूर शास्त्रीजी वारले ते गाव बघायचंय. आई यवतमाळची. 1965 च्या युद्धाच्या वेळी शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा म्हणून सांगितलं तेव्हा ती दुसरी-तिसरीत होती, आणि आमच्या आबांनी सोमवारी रात्रीची चूल बंद म्हणजे बंद. लहानग्यांना कपभर दूध, बाकी घर तसंच झोपायचं. 10 जानेवारी 1966 ला भारत-पाकिस्तानमधला ताश्कंद करार झाला, आपले यशवंतराव चव्हाण पण होते तिथे, संरक्षणमंत्री म्हणून, आणि त्याच रात्री शास्त्री गेले. आबांचा सोमवार त्यानंतरही कित्येक वर्षं सुटला नाही. (कमेंटमध्ये कटकारस्थानाच्या थिअऱ्या आणू नका प्लीज, आज नको.)

शास्त्रींच्या नावाचा रस्ता आहे ताश्कंदमध्ये, तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. आई त्याच्यासमोर नुसती उभी राहिली, हात जोडून, काही बोलेना. बाजूच्या बाकावर एक आजीबाई नातवाला घेऊन बसल्या होत्या, डोक्याला रंगीत रुमाल. त्यांनी छातीवर हात ठेवून मान लववली, तिकडे सगळे तसंच करतात, आणि आमच्याबरोबर जी कॉलेजातली मुलगी होती गाईड म्हणून, तिला विचारलं की ही का रडतेय. आईने सोमवारचं सांगितलं. मराठीतून! मी हिंदी-इंग्रजी करून त्या पोरीला, ती उझबेकमधून आजींना. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, 66 साली आमचं घर पडलं.

26 एप्रिल 1966. शास्त्री गेल्याला चार महिनेही झाले नव्हते. पहाटे साडेपाचच्या आत-बाहेर भूकंप झाला, थेट शहराच्या पोटाखाली, आणि मातीच्या विटांची जुनी घरं बसली. सुमारे 3 लाख माणसं बेघर झाली. त्या आजी तेव्हा आईएवढ्याच, तंबूत राहिल्या होत्या आणि बाहेरगावाहून आलेले कामगार पोरांना साखरेचे खडे द्यायचे म्हणाल्या. मग आई आणि त्या, दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या बराच वेळ. गाईड भाषांतर करायची थांबली तरी दोघी बोलतच होत्या.

आता हे सांगायचं कारण. आमच्या आधीच्या चौकशीत एका टूरवाल्याने तोंडावर सांगितलं होतं, "मॅडम, ताश्कंदमध्ये काही नाही, नुसत्या रशियन टाइप बिल्डिंगा, अर्धा दिवस पुष्कळ." अरे, त्या बिल्डिंगा का आहेत ते तरी सांग लोकांना! अख्ख्या सोव्हिएत युनियनमधून माणसं येऊन ते शहर पुन्हा उभं केलंय. भूकंपाचं स्मारक आहे तिथे, काळा दगड मधोमध फाटलेला, त्यावर तारीख आणि घड्याळ, आणि मागे एक पुरुष, बाई आणि मूल यांच्यापुढे हात आडवा धरून उभा. नवी लग्न झालेली जोडपी तिथे फोटो काढायला येतात. आमच्या समोरच एक आलं, आईने त्या नवरीला खुणेनेच आशीर्वाद दिला.

आणि नवोई थिएटर. ज्या श्चुसेव नावाच्या वास्तुकाराने मॉस्कोतली लेनिनची समाधी केली त्याचंच हे डिझाइन, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी युद्धकैद्यांनी त्याचं बांधकाम पुरं करायला हात लावला. भूकंपातही ते टिकून राहिलं. घर सोडून हजारो मैल दूर आणलेल्या कैद्यांनी परक्यांचं काम इतकं नेटकं करावं, मला अजूनही गलबलून येतं ते आठवून.

मेट्रो तर काय सांगू. 1977 ची, मध्य आशियातली पहिली. 2018 पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती. कॉस्मोनाव्तलार स्टेशनच्या भिंती फिक्या निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत उतरत जातात, आणि त्यात गोलात गागारिन, तेरेश्कोवा हे अंतराळवीर, आणि त्यांच्या पंगतीत पंधराव्या शतकातला उलूगबेग, आकाशातले तारे मोजणारा राजा. पाख्ताकोर स्टेशनवर भिंतभर कापसाची बोंडं, मोझेकमध्ये. आई भिंतीला हात लावून म्हणाली, "अगं बाई, ही तं आपली पऱ्हाटी!" त्याच कापसाच्या पाण्यापायी अरल समुद्र आटला हे तिला सांगितलं तेव्हा मात्र गप्प झाली. यवतमाळच्या बाईला कापसाचं वेगळं काय सांगायचं.

इतिहास संग्रहालय चुकवू नका. दक्षिणेकडच्या तेरमेझ गावाजवळच्या फयाझ-तेपा या जुन्या बौद्ध विहाराहून आणलेलं बुद्धाचं शिल्प आहे तिथे, कुशाण काळातलं, बोधिवृक्षाखाली ध्यानस्थ बुद्ध आणि दोन्ही बाजूंना भिक्खू. आपल्याकडे लेणी बघत वाढलेल्या माणसाला त्याच्यासमोरून हलवत नाही.

समरकंद जास्त देखणं आहे, मान्य. तिथल्या रेगिस्तान चौकासमोर बोलती बंद होते. म्हणून राजधानीला विमानतळासारखं वापरायचं का?

त्या मुलीला मी मघाशी लांबलचक मेसेज केलाय, इथेही टाकते. चोरसू बाजारात सकाळी जा, निळ्या घुमटाखाली, गरम नान तिथेच घ्या. खस्त इमामला, म्हणजे मशिदी-मदरशांच्या आवारात, गेलात तर डोक्यावर ओढणी असू द्या. आई शाकाहारी असेल तर थोडे हाल होतात, हे खरंय, पण भोपळ्याचा सोमसा (तिकडचा समोसा) मागा, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि टरबूज-द्राक्षं भरपूर मिळतात. मेट्रोला काही ठिकाणी पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे दुखत असतील तर दिवसाला दोन-तीनच स्टेशनं बघा. व्हिसाचं इनबॉक्समध्ये विचारू नका, नियम बदलत असतात, ते अधिकृत साइटवर बघा. बाकी काहीही विचारा, सावकाश बसून सांगेन.