बागेतली माती उघडी ठेवा

परळला आमच्या घराजवळ एक बाग आहे. दोन वर्षांपूर्वी तिचं सुशोभीकरण झालं. वाटांवर पेव्हर ब्लॉक आले, जुन्या झाडांभोवती ग्रॅनाइटचे पार बांधले गेले, मुलांच्या खेळायच्या जागेत रबरी फरशी बसली. एप्रिलच्या दुपारी ती फरशी एवढी तापते की ऊन उतरेपर्यंत पोरं तिकडे फिरकत नाहीत. आणि पाऊस आला की पाणी बागेत न मुरता फाटकातून थेट रस्त्यावर. जवळच्या हिंदमाता चौकात पाणी तुंबलं म्हणून आम्हीच ओरडतो आणि त्यात आमच्याच बागेचं पाणी असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मुंबईत जोरदार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही. अडचण असते ती त्या काही तासांची. म्हणूनच पालिकेने दादरच्या प्रमोद महाजन कलापार्कात आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानात जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या. तुंबलेलं पाणी तिथे धरून ठेवायचं, भरती ओसरली की सोडायचं. काम चांगलंच आहे. पण प्रत्येक बागेखाली टाकी होणार नाही, आणि व्हायची गरजही नाही. एक एकराची हिरवळ भोवतालच्या वाटेपेक्षा फक्त सहा इंच खोल ठेवली, तरी तिच्यात सहा लाख लिटर पाणी मावतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर कोसळला, त्यापुढे ही हिरवळ पुरली नसती, मान्य. पण दर पावसाळ्यात तास-दोन तास झोडपून जाणाऱ्या सरींचं काय? तिथे ती नक्की कामी येईल.

झाडांचंही तेच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात शहरभर झाडं उन्मळून पडली. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतायचं, खोदकामात मुळं तोडायची आणि झाड पडलं की दोष वाऱ्याला द्यायचा, हे थांबायला हवं. नवीन लावताना फुलांचा रंग बघून गुलमोहर नको. करंज, ताम्हण, कदंब, बकुळ लावा. समुद्राकाठी उंडी लावा, खारा वारा तिला सोसतो. बकुळ सावकाश वाढते, उद्घाटनाच्या फोटोत दिसणार नाही. पण सावली पुढच्या पिढ्यांना देईल. धारावीचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघून या. मिठी नदीकाठी जिथे कचऱ्याचे ढीग होते, तिथे आज दाट झाडी आहे.

आणि तो पाचोळा! रोज सकाळी झाडून, पिशव्यांत भरून गाडीत जातो. झाडाचं अन्न आणि मातीचं पांघरूण आपण डम्पिंगवर पाठवतो. मी माळीकाकांना विचारलं, तर म्हणाले, "ताई, पडलेला दिसला की साहेब म्हणतात झाडलं नाही."

वॉर्ड ऑफिसला आम्ही शेजाऱ्यांनी अर्ज दिलाय: झाडांभोवतीचं काँक्रीट काढा, निम्म्या वाटा मातीच्या ठेवा, पाचोळा बागेतच राहू द्या. उत्तर अजून नाही. दरम्यान काकांनी मागच्या कोपऱ्यातल्या एका करंजाला आळं करून त्यात पाचोळा भरला. मे महिन्यात बाकीची बाग करपली होती, तेव्हा मी तिथली पानं बाजूला सारून बोटाने माती उकरली. आत ओल होती.